बिटकॉइन मोठ्या संस्थांच्या हातात गेलं का? भाव, नियम आणि किल्ल्या वेगळ्या करून पाहू

प्रश्न असा आहे: "२०१०-११ साली हौशी प्रोग्रामर आणि छोट्या लोकांनी वाढवलेलं बिटकॉइन आता ब्लॅकरॉक (फंड चालवणारी अमेरिकी कंपनी), स्ट्रॅटेजी (बिटकॉइन साठवणारी अमेरिकी कंपनी) अशा मोठ्यांच्या ताब्यात गेलंय का? आणि थोडेसे पैसे टाकणाऱ्याने त्यांच्या खरेदी-विक्रीच्या बातम्या कशा वाचायच्या?"

दोन तारखा शेजारी ठेवल्या की बराचसा उलगडा होतो. १९ जून २०११ रोजी टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजवर कुणीतरी दुसऱ्याच्या खात्यात घुसून मोठी विक्री लावली. साडेसतरा डॉलरच्या आसपास असलेला भाव काही मिनिटांत एका सेंटवर आला, कारण समोर खरेदीच्या जेवढ्या ऑर्डरी लागलेल्या होत्या त्या संपल्या. आता जुलै २०२५ बघा. गॅलेक्सी डिजिटल या कंपनीने एका जुन्या धारकाची ८०,००० हून जास्त नाणी विकून दिली. ती २०११ पासून जागची हललेली नव्हती आणि त्यांची किंमत नऊ अब्ज डॉलरच्या घरात होती. भाव थोडा खाली आला आणि लगेच सावरला.

संस्थांनी आणलेला सगळ्यात मोठा बदल हाच. बाजाराला खोली आली. जुन्या लोकांना आपला माल उतरवायला गिऱ्हाईक मिळालं. त्यामुळे "सामान्यांकडून हिसकावून घेतलं" असं म्हणणं मला पटत नाही; बरीचशी नाणी जुन्या धारकांनी स्वतःहून, चांगल्या भावात विकली आहेत. पण "ताबा" या एका शब्दात तीन निराळ्या गोष्टी मिसळल्या जातात: भाव कोण हलवतं, नियम कोण ठरवतं आणि किल्ल्या, म्हणजे नाणी खर्च करायला लागणारे गुप्त आकडे, कोणाकडे आहेत. भावावर संस्थांचा प्रभाव आज उघड आहे. नियमांवर त्यांचा जोर अजून चाललेला नाही. किल्ल्या मात्र मोजक्या ठिकाणी गोळा होत चालल्या आहेत, आणि काळजी करायची तर ती इथे करावी.

आधी सुरुवातीच्या काळाबद्दल, कारण त्या काळाबद्दल "स्वस्तात घेतलं आणि श्रीमंत झाले" एवढंच सांगितलं जातं. ३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा पहिला गठ्ठा, निघाला. तेव्हा दर ब्लॉकला ५० नाणी मिळत आणि घरचा साधा संगणक त्यासाठी पुरत असे. २०१० मध्ये ग्राफिक्स कार्डं आली, २०१३ पासून खास त्याच कामाची यंत्रं आली आणि घरगुती मायनिंग, म्हणजे घरी संगणक चालवून नवी नाणी मिळवणं, संपलं. २२ मे २०१० ला फ्लोरिडात १०,००० नाण्यांच्या बदल्यात दोन पिझ्झा आले, हे सगळ्यांनाच माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट त्यानंतर तीन महिन्यांनी घडली. एका माणसाकडे ९,००० नाणी होती. त्याने बॅकअप घेतला, मग एक नाणं आपल्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवून पाहिलं. पुढे त्याला तो जुना बॅकअप वापरावा लागला आणि ८,९९९ नाणी कायमची गेली.

हे कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे. बिटकॉइनमध्ये शंभराची नोट मोडावी तसं होतं. तुमच्याकडे ९,००० चा एक तुकडा असेल आणि एक नाणं पाठवायचं असेल, तर अख्खा तुकडा खर्च होतो आणि उरलेले सुट्टे परत येतात. हे सुट्टे जुन्या पत्त्यावर येत नाहीत. वॉलेट, म्हणजे किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम, त्यासाठी नवा पत्ता आणि नवी किल्ली तयार करतं. बॅकअप त्याआधीचा असेल तर त्यात ही नवी किल्लीच नसते. या घटनेनंतर वॉलेटच्या प्रोग्राममध्ये शंभर किल्ल्या आगाऊ तयार करून ठेवण्याची सोय झाली. तरी शंभर पत्ते वापरून झाले की जुना बॅकअप पुन्हा निकामी व्हायचाच. एकाच मूळ बीजातून सगळ्या किल्ल्या काढण्याची पद्धत बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मूळ प्रोग्राममध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये आली. आज आपण १२ किंवा २४ शब्द लिहून ठेवतो ते याच बीजाचं वाचता येणारं रूप आहे. ते शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात आणि शेवटच्या शब्दात पडताळणीचा भाग असतो, म्हणून एखादा शब्द चुकला तर वॉलेट बहुतेक वेळा लगेच हरकत घेतं.

कुणाच्या घरी त्या काळातला संगणक पडून असेल आणि त्यात काही असण्याची शंका असेल, तर तो चालू करू नका. डिस्क बाहेर काढा, ती फक्त वाचता येईल अशा पद्धतीने जोडा आणि आधी संपूर्ण डिस्कची प्रत करा. शोध त्या प्रतीवर घ्या. 'वॉलेट डॉट डॅट' नावाची फाइल सापडली तर तिच्याही दोन प्रती ठेवा आणि मगच तिची एक प्रत बिटकॉइन कोअरमध्ये उघडा; आवृत्ती ३० पासून जुन्या पद्धतीची फाइल थेट उघडत नाही, ती आधी नव्या पद्धतीत बदलून (मायग्रेट करून) घ्यावी लागते. नाणी दिसली तर नव्या हार्डवेअर वॉलेटवर (किल्ल्या ठेवायच्या छोट्या उपकरणावर) आधी थोडीशी रक्कम पाठवा. मग ते वॉलेट पूर्ण पुसून, लिहून ठेवलेल्या शब्दांवरून पुन्हा उभं करून बघा. ती रक्कम दिसली तरच बाकीची हलवा. ऑगस्ट २०१७ मध्ये वेगळ्या झालेल्या बिटकॉइन कॅशसारख्या साखळ्यांवरची (ब्लॉकांच्या नोंदवह्यांवरची) नाणीही त्याच किल्लीवर असतात, पण ती मूळ बिटकॉइन हलवून झाल्यावरच काढायची; त्यासाठी जुनी किल्ली अनोळखी प्रोग्राममध्ये टाकावी लागते आणि चोरी तिथेच होते. "फाइल पाठवा, पासवर्ड शोधून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला फाइल कधीही देऊ नका.

माउंट गॉक्सवर फार लिहीत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये साधारण ८,५०,००० नाणी गायब असल्याचं सांगून तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढे त्यातली दोन लाख सापडली आणि लोकांना नाण्यांत परतफेड सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडला. संस्थांच्या दृष्टीने त्यातला धडा असा होता की या क्षेत्रात माल सांभाळणारा विश्वासू गोदामवालाच नाही. पेन्शन फंडाच्या विश्वस्ताला स्वतःच्या कपाटात २४ शब्दांचा कागद ठेवता येत नाही. त्याला ऑडिट लागतं, विमा लागतो, जबाबदार धरता येईल असा कस्टोडियन लागतो. हे उभं राहीपर्यंत मोठा पैसा आडवाटेने आला, आणि त्या आडवाटेने बरंच नुकसान केलं.

ती आडवाट म्हणजे ग्रेस्केल बिटकॉइन ट्रस्ट, २०१३ मध्ये सुरू झालेला. मोठे गुंतवणूकदार ट्रस्टला रोख किंवा बिटकॉइन देत आणि मूळ किमतीला शेअर घेत. हे शेअर ठरावीक मुदत, आधी १२ महिने आणि २०२० पासून ६ महिने, विकता येत नसत. मुदत संपली की ते खुल्या बाजारात जात. तिथे सामान्य अमेरिकन गुंतवणूकदाराला बिटकॉइन घ्यायचा दुसरा सोपा मार्ग नव्हता, म्हणून तो आतल्या नाण्यांच्या किमतीपेक्षा चढा भाव द्यायचा. मग हेज फंडांनी धंदा बसवला: बिटकॉइन उसने घ्यायचे, ट्रस्टला द्यायचे, सहा महिन्यांनी शेअर चढ्या भावाने विकायचे, बिटकॉइन विकत घेऊन उसने फेडायचे आणि मधला फरक खिशात टाकायचा.

यातली मेख अशी की ट्रस्टमध्ये शिरायला दार होतं, बाहेर पडायला नव्हतं. शेअर परत देऊन नाणी मागता येत नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅनडात खरा ईटीएफ (शेअर बाजारात विकत मिळणारा आणि आत-बाहेर दोन्ही दारं असलेला फंड) सुरू झाला आणि त्याच सुमारास ग्रेस्केलचा चढा भाव नाहीसा होऊन शेअर आतल्या किमतीपेक्षा स्वस्त मिळू लागला. ज्यांनी उसनवारी करून शेअर घेतले होते ते अडकले. डिसेंबर २०२२ पर्यंत ही तूट वाढून जवळपास पन्नास टक्क्यांवर गेली, म्हणजे १०० रुपयांच्या नाण्यांवरचा हक्क साधारण ५१ रुपयांना मिळत होता. थ्री ॲरोज कॅपिटल हा फंड या शेअरचा मोठा धारक होता. मे २०२२ मध्ये टेरा-लुना ही क्रिप्टो नाण्यांची जोडी कोसळली आणि जूनमध्ये या फंडाचं दिवाळं निघालं. त्याला कर्ज दिलेल्यांचे पैसे बुडाले, आणि नोव्हेंबरात एफटीएक्स हे मोठं एक्स्चेंज बुडेपर्यंत ही पडझड चालू राहिली.

म्हणूनच "संस्था आल्या म्हणजे बाजार स्थिर झाला" असं कुणी म्हटलं की मी विचारतो: कुठल्या पैशाने आल्या? स्वतःच्या पैशाने आलेली संस्था पडझडीत थांबू शकते. उधारीवर आलेली संस्था किरकोळ सटोडियापेक्षाही आधी विकते, कारण तिला तारणाची रक्कम भरण्याचा निरोप येतो.

आता बातम्या वाचण्याकडे येऊ. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने १० जानेवारी २०२४ रोजी अकरा स्पॉट (प्रत्यक्ष बिटकॉइन धरणाऱ्या) ईटीएफना मान्यता दिली आणि दुसऱ्या दिवशी व्यवहार सुरू झाले. तेव्हापासून रोज "ईटीएफमध्ये एवढे कोटी डॉलर आले" ही बातमी असते. पहिल्या दोन आठवड्यांत काय झालं बघा. मान्यता मिळाली, नव्या फंडांत पैसा ओतला गेला, आणि तरीही भाव ४९,००० डॉलरजवळून ३८,५०० वर आला. ग्रेस्केलचं बाहेरचं दार त्याच दिवशी उघडलं होतं! वर्षानुवर्षं अडकलेले लोक पूर्ण किमतीला बाहेर पडत होते, त्यात एफटीएक्सच्या दिवाळखोरीतले शेअरही होते. शिवाय ग्रेस्केलची वार्षिक फी १.५ टक्के आणि ब्लॅकरॉकची ०.२५ टक्के, त्यामुळे थांबणाऱ्यांनीही घर बदललं. एका फंडातून निघून दुसऱ्यात गेलेला पैसा नवी मागणी नसतो. आकडा नेहमी सगळ्या फंडांचा मिळून, निव्वळ बघायचा.

पण निव्वळ आकडाही फसवतो, आणि त्याचं कारण आपल्याकडच्या आर्बिट्राज फंडात पैसे ठेवणाऱ्याला लगेच कळेल. शिकागोच्या सीएमई या एक्स्चेंजवर डिसेंबर २०१७ पासून बिटकॉइन फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, आहेत. एक कॉन्ट्रॅक्ट ५ नाण्यांचा आणि हिशेब रोखीत. समजा आजचा भाव ६०,००० डॉलर आहे आणि तीन महिन्यांनंतरचं फ्युचर ६१,५०० ला चाललंय. फंड ३,००,००० डॉलरचे ईटीएफ युनिट घेतो, म्हणजे ५ नाण्यांइतके, आणि एक फ्युचर विकतो. एक्स्पायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपताना, दोन्ही भाव एकत्र येतात. भाव कुठेही जावो, त्याला अडीच टक्के सुटतात, वर्षाला साधारण दहा. बातमीत मात्र "संस्थेकडून तीन लाख डॉलरची आवक" असं येतं. या फंडाचं बिटकॉइनबद्दल काही मत नाही; तो व्याज कमावतोय. हा फरक आकसून अमेरिकी सरकारी रोख्यांच्या व्याजाजवळ आला की तो ईटीएफ विकतो आणि फ्युचर परत घेतो. मग बातमी येते "संस्थांची माघार", आणि खरं तर दोन्ही बाजू एकदम सुटलेल्या असतात.

हे ओळखायचं कसं? ईटीएफची आवक आणि सीएमईवरचा ओपन इंटरेस्ट (अजून न सुटलेले सौदे) दोन्ही एकदम वाढत असतील आणि फ्युचरचा वार्षिक फरक आठ-दहा टक्क्यांवर असेल, तर त्या आवकेतला मोठा भाग या धंद्याचा असतो असं मी धरतो. आवक आहे पण ओपन इंटरेस्ट जागच्या जागी असेल, तर ती खऱ्या धारकांची असण्याची शक्यता जास्त. तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत मोठ्या अमेरिकी संस्थांना आपली शेअर आणि ईटीएफमधली गुंतवणूक जाहीर करावी लागते. त्या यादीत विकलेली फ्युचर्स दिसत नाहीत, त्यामुळे हेज फंडाचं नाव तिथे आलं म्हणजे तो तेजीवाला असं समजू नये. पेन्शन फंडाचं नाव आलं तरी तो कायमचा असतोच असं नाही: विस्कॉन्सिन राज्याच्या गुंतवणूक मंडळाने २०२४ च्या पहिल्या तिमाहीत ब्लॅकरॉकचे युनिट घेतले आणि २०२५ च्या पहिल्या तिमाहीत सगळे विकून टाकले.

रोजच्या आकड्यात आणखी एक घोळ आहे. ते आकडे फंडाच्या युनिटांच्या संख्येवरून निघतात आणि त्यात एका दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर काहीही ठरवू नये. पाच दिवसांची बेरीज घ्या, आणि ती डॉलरमध्ये न मोजता नाण्यांत मोजा. भाव दुप्पट झाला की डॉलरचा तोच आकडा निम्म्या नाण्यांचा असतो. वेळही लक्षात ठेवा. अमेरिकेचा शेअर बाजार आपल्या घड्याळात उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला आणि हिवाळ्यात ८ ला उघडतो. बहुतेक ईटीएफ न्यूयॉर्कच्या दुपारी ४ वाजताच्या संदर्भभावावर हिशेब करतात, म्हणजे आपल्याकडे रात्री दीड किंवा अडीच. ज्यांना रात्रीचा चढउतार "अचानक" वाटतो, त्यांनी तो या वेळांशी जुळवून पाहावा.

एक युक्तिवाद फार ऐकू येतो: एप्रिल २०२४ च्या हाल्व्हिंगनंतर (नव्या नाण्यांचा दर निम्मा झाल्यावर) दर ब्लॉकला ३.१२५ नाणी, दिवसाला सुमारे १४४ ब्लॉक, म्हणजे रोज नवी ४५० नाणी. ईटीएफ त्याच्या कितीतरी पट घेतात, मग भाव वर जायलाच हवा. यात गृहीत धरलंय की पुरवठा फक्त नव्या नाण्यांचा असतो. लासलगावला येणारा कांदा आजच शेतातून काढलेला असतो असं समजण्यासारखं आहे हे. चाळीत साठा असतो, भाव मनासारखा दिसला की तो बाहेर येतो, आणि त्या दिवसाचा भाव बाजारातली आवक ठरवते. बिटकॉइनची १ कोटी ९० लाखांहून जास्त नाणी आधीच निघालेली आहेत आणि जुन्या धारकांची चाळ मोठी आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या सॅक्सनी राज्याने जप्त केलेली जवळपास ५०,००० नाणी जून-जुलैच्या तीन-चार आठवड्यांत विकली आणि त्याच सुमारास माउंट गॉक्सची नाण्यांतली परतफेड सुरू झाली. ५०,००० नाणी म्हणजे नव्या उत्पादनाचे एकशे दहा दिवस! भाव जुलैच्या सुरुवातीला ५४,००० डॉलरच्या आसपास आला. म्हणून मागणीचा आकडा बघताना, वर्षानुवर्षं पडून असलेली किती नाणी हलली हेही बघावं लागतं. साखळी सार्वजनिक असल्यामुळे ते कुणालाही दिसतं. फक्त नाणं हललं म्हणजे विकलं असं नाही; पत्ता बदलला असेल, कस्टोडियन बदलला असेल.

आता स्ट्रॅटेजी, म्हणजे पूर्वीची मायक्रोस्ट्रॅटेजी. ऑगस्ट २०२० मध्ये मायकल सेलर यांच्या या कंपनीने २५ कोटी डॉलरमध्ये २१,४५४ नाणी घेतली. सुरुवात पडून असलेल्या रोकडीतून झाली, पुढे कर्जरोखे आणि नवे शेअर काढून खरेदी चालू राहिली. २०२४ अखेर कंपनीकडे ४,४६,४०० नाणी होती. ही यंत्रणा कशी चालते ते लहान आकड्यांत मांडतो. एका कंपनीकडे १०० नाणी आहेत, १०० शेअर आहेत आणि नाण्याचा भाव १ लाख रुपये धरू. शेअर बाजारात २ लाखांना चाललाय, म्हणजे आतल्या मालाच्या दुप्पट. कंपनी १० नवे शेअर विकते, २० लाख येतात, २० नाणी घेते. आता १२० नाणी आणि ११० शेअर: दर शेअरमागे १.०९ नाणं. नवे शेअर काढूनही जुन्या भागधारकाचा वाटा वाढला. आता तोच शेअर ८० हजारांना आला असं धरा. १० शेअर विकून ८ लाख, म्हणजे ८ नाणी. १०८ नाणी आणि ११० शेअर, दर शेअरमागे ०.९८. आता प्रत्येक नव्या शेअरने जुन्या भागधारकाचं नुकसान होतं, त्यामुळे खरेदीचं इंजिन थांबतं. रोख्यांचं व्याज आणि प्रेफरन्स शेअरचा लाभांश मात्र देत राहावा लागतो.

म्हणून अशा कंपनीचा शेअर घेणाऱ्याने बिटकॉइनचा भाव बघून थांबू नये. दर शेअरमागे किती नाणी, शेअरचा भाव त्याच्या किती पट, पुढच्या बारा महिन्यांत व्याज-लाभांशाला किती रोकड लागणार आणि हाताशी किती आहे, हे चार आकडे काढावेत. जपानच्या मेटाप्लॅनेटसह अनेक लहान कंपन्यांनी हाच कित्ता गिरवलाय. मला वैयक्तिक हा प्रकार ईटीएफपेक्षा जास्त जोखमीचा वाटतो, कारण ग्रेस्केलसारखाच तो चढ्या भावावर जगतो आणि चढा भाव किती दिवस टिकेल हे कुणाच्या हातात नसतं.

नियमांकडे वळतो, कारण इथे मोठ्यांचा पराभव झालेला आहे आणि तो नीट नोंदलेला आहे. मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कला २२ देशांतल्या ५८ कंपन्यांनी करार केला: आधी सेगविट (ब्लॉकमध्ये जास्त व्यवहार मावावेत म्हणूनचा बदल) आणायचं, मग ब्लॉकचा मूळ आकार दुप्पट करायचा. त्या काळच्या मायनिंग क्षमतेचा ८३ टक्के हिस्सा त्यांच्यामागे असल्याचा दावा होता. मोठी एक्स्चेंज होती, मोठी वॉलेटं होती. सेगविट २४ ऑगस्टला लागू झालं, पण आकार दुप्पट करणारा दुसरा भाग ८ नोव्हेंबरला त्यांनी स्वतःच मागे घेतला. कारण घरोघरी, ऑफिसांत स्वतःचा नोड, म्हणजे प्रत्येक ब्लॉक नियमांत बसतो का ते तपासणारा संगणक, चालवणाऱ्यांनी नवा प्रोग्राम घेतलाच नाही. नोड जो ब्लॉक नियमबाह्य समजतो तो सरळ नाकारतो, मग तो कितीही वीज जाळून काढलेला असो. शिवाय साखळी दुभंगली असती तर तयार होणाऱ्या नव्या नाण्याची फ्युचर्स काही एक्स्चेंजवर आधीच चालू होती आणि बाजार त्याला मूळ बिटकॉइनच्या मानाने फारच कमी भाव देत होता. तोट्यातलं नाणं मायनिंग करायला कुणीही मायनर तयार होत नाही.

मग आजही तसंच होईल का? इथे मला पूर्वीइतकी खात्री वाटत नाही. त्या वेळी नाणी बहुतांशी लोकांच्या स्वतःच्या किल्ल्यांवर आणि एक्स्चेंजवर होती. आज अमेरिकेतल्या बहुतेक स्पॉट ईटीएफची नाणी एकाच कस्टोडियनकडे, कॉइनबेसकडे आहेत; फिडेलिटी स्वतःची स्वतः सांभाळते. ब्लॅकरॉकच्या ईटीएफच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे की साखळी दुभंगली तर कोणती साखळी "बिटकॉइन" मानायची हे फंडाचा प्रायोजक ठरवेल. युनिटधारकाला त्यात मत नाही. नियम बदलण्याचा अधिकार यातून मिळत नाही, पण दुभंगाच्या दिवशी लाखो नाण्यांची विक्री कोणत्या बाजूला होईल हे ठरवण्याची ताकद नक्की मिळते, आणि वर सांगितल्याप्रमाणे २०१७ चा निकाल भावानेच लावायला मदत केली होती. ज्यांना या गोष्टीची मनापासून काळजी आहे त्यांनी निदान काही हिस्सा स्वतःच्या किल्लीवर ठेवावा आणि स्वतःचा नोड चालवावा. त्याला फार काही लागत नाही: जुना लॅपटॉप, १ टीबीची एसएसडी (साधी हार्ड डिस्क घेऊ नका, पहिल्या पडताळणीला आठवडे लागतात), ८ जीबी मेमरी आणि मर्यादा नसलेलं इंटरनेट. वॉलेट त्याच नोडला जोडलं तरच त्याचा उपयोग. नुसता चालू ठेवलेला नोड तुमचं मत कुठेच पोहोचवत नाही.

संस्था आल्याने उधारीचा सट्टा कमी झाला असंही समजू नका. १० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेने चीनवर नवं आयातशुल्क जाहीर केलं आणि काही तासांत सगळ्या क्रिप्टो बाजारात मिळून १९ अब्ज डॉलरहून जास्त उधारीचे सौदे सक्तीने बंद झाले. ईटीएफ शनिवार-रविवार बंद असतात, परदेशी एक्स्चेंजवरची फ्युचर्स चोवीस तास चालतात. ती घसरण शुक्रवारी अमेरिकेचा शेअर बाजार बंद झाल्यावर वाढली, म्हणजे मोठे खरेदीदार जागेवर नसताना.

भारतातून हे करणाऱ्यासाठी वेगळा हिशेब आहे. इथले म्युच्युअल फंड बिटकॉइन घेत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे संस्थांचा हा प्रवाह नाही. आपण फक्त अमेरिकेत ठरलेला भाव घेतो आणि आपला कर भरतो. नफ्यावर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर. एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. बिटकॉइनमध्ये १,००,००० नफा आणि इथर या दुसऱ्या नाण्यात ८०,००० तोटा झाला, तर हातात आले २०,००० आणि कर ३१,२००. म्हणजे वर्षअखेर ११,२०० खिशातून गेले. विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळवता येतो, पण तोवर अडकतो: १० लाख रुपये वीस वेळा आतबाहेर फिरवले तर भाव जराही न हलता साधारण १,८२,००० रुपये टीडीएसमध्ये जाऊन बसतात. ईटीएफच्या बातमीवर दर आठवड्याला खरेदी-विक्री करण्याचा धंदा अमेरिकेत चालत असेल, या गणितात तो इथे बसत नाही.

दरमहा ठरलेला परतावा सांगणाऱ्या योजनेत "मोठ्या संस्थेशी करार" असं कितीही लिहिलेलं असो, पाय ठेवू नका. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने दरमहा १० टक्के, अठरा महिने, असं सांगून पैसे गोळा केले होते आणि त्याचे गुन्हे पुण्यात नोंदले गेले. वर ज्या आर्बिट्राजचा हिशेब मांडला तो व्यावसायिक फंडांना वर्षाला दहा टक्के देतो, तेही फरक टिकला तर.

आणि ज्यांनी २०१३ ते २०१७ मध्ये इथे खरेदी केली आणि अजून धरून ठेवली आहेत, त्यांच्यासाठी एक काम तातडीचं. नफ्यातून फक्त खरेदीची किंमत वजा मिळते. स्वतः मायनिंग केलं असेल तर यंत्राचा आणि विजेचा खर्च धरला जात नाही. खरेदीचा पुरावा नसेल तर किंमत शून्य मानली जाण्याची वेळ येते आणि पूर्ण विक्रीवर कर लागतो. त्या काळातली काही भारतीय एक्स्चेंज २०१८-१९ मध्ये बंद पडली, त्यांच्याकडून आता काही मिळेलच असं नाही. बँकेतून त्या एक्स्चेंजला पैसे गेल्याच्या नोंदी असलेलं खातेपत्रक बँकेकडे लेखी अर्ज करून मागवा, जुन्या ईमेलमधल्या व्यवहाराच्या पावत्या उतरवून घ्या आणि साखळीवरचा व्यवहार क्रमांक त्याच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे कोणत्या रुपयांतून कोणती नाणी आली हे तारखेसह जुळवता येईल. बँकांकडे जुन्या नोंदी कायम राहत नाहीत, तेव्हा विकायचं ठरण्याची वाट न बघता हा अर्ज याच आठवड्यात द्या.